आई वजा

१

चोरी झाली होती, आणि तीही कपातताईंच्या डोळ्यांदेखत. निदान ड्रायव्हरचं म्हणणं तसं होतं.

"आठशे चाळीस गेले माझे," पगाराची स्लिप खिडकीतून आत सरकवत तो म्हणाला. "ताई, कुणीतरी हात मारलाय."

"या खिडकीत हात घालायची कुणाची टाप नाही, ड्रायव्हरसाहेब," ताई म्हणाल्या, पण चष्मा मात्र त्यांनी लगेच चढवला.

कारखाना चादरी धुण्याचा. शहरातल्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या मळक्या चादरी सकाळी गाड्या भरून यायच्या आणि संध्याकाळी घड्या होऊन परत जायच्या. आत सगळीकडे वाफच वाफ, त्यामुळे ताईंच्या टेबलावरचा कागद कधी कडक म्हणून राहायचा नाही. या वाफेत बसून त्या वर्षानुवर्षं सगळ्यांचे पगार काढत आल्या होत्या. पगार देतात मालक आणि कापतात ताई, अशी लोकांनी परस्पर वाटणी करून टाकली होती, म्हणून त्या झाल्या कपातताई. नावात माया कमी आणि टोमणा जास्त होता, पण त्यांनी ते चालवून घेतलं.

कारखान्यात एक जुनी रीत होती. पगाराच्या आदल्या दिवशी खिडकीशी यायचं, आपले तास, जादा पाळ्या, बुडवलेले दिवस सांगायचे आणि गप्प उभं राहायचं. ताई डोळे मिटायच्या. ओठ थोडे हलायचे. मग त्या उद्या हातात किती पडणार ते सांगायच्या. अंदाज चुकला तर चहा ताईंनी पाजायचा, बरोबर आला तर समोरच्यानं. ताईंनी स्वतःच्या पैशानं चहा पाजल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ड्रायव्हरला खरं तर या अंदाजाची गरज नसायची. तो आपला हिशोब स्वतःच मोठ्यानं करायचा, शाळेत पाढे म्हणावेत तसा. कालही खिडकीशी उभं राहून त्यानं सुरू केलं होतं, "टॅक्स वजा, पेन्शन वजा, विमा वजा, आई वजा, गॅस वजा..."

"अहो, आई वजा काय?" ताई हसल्या होत्या.

"आईची औषधं हो. आता एवढं लांबण कोण लावणार!"

ताईंनी काल त्याला चोवीस हजार सहाशे सांगितले होते, आणि तो लहान मुलासारखा खूष झाला होता. त्याला कारणही होतं. आईचे गुडघे गेले होते आणि घर तिसऱ्या मजल्यावर. बरेच महिने शोधून त्याला तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली होती, खिडकीबाहेर बाक असलेली. भाडं आठ हजार. घरमालक मोठा काटेकोर निघाला. म्हणाला, "घरात दर महिन्याला हातात येणारी रक्कम भाड्याच्या तिप्पट हवी. उद्या संध्याकाळपर्यंत ताजी स्लिप दाखवा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे." तिप्पट म्हणजे चोवीस हजार. आणि आज स्लिपवर आले होते तेवीस हजार सातशे साठ. अडीचशेसुद्धा नव्हे, दोनशे चाळीस कमी पडल्यामुळे आईचा तळमजला हातचा जात होता.

ताईंनी स्लिपवर पेन फिरवलं. मूळ पगार बरोबर. पेन्शन बरोबर, विमा बरोबर. टॅक्स वाढलेला होता, नेमका आठशे चाळीसनी. आणि तिथे त्यांचं पेन थांबलं.

हा आकडा त्यांच्या ओळखीचा होता. दर वर्षी थोडा सरकायचा, पण दर वर्षी त्या तो मुद्दाम बघून ठेवायच्या. कारण एकदा त्यांच्या स्वतःच्या स्लिपवर टॅक्स अस्साच, एका फटक्यात वाढला होता. वडील गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात.

ताईंनी चष्मा काढला.

"ड्रायव्हरसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची आई बरी आहे ना?"

२

"न असायला काय झालं?" तो म्हणाला. "सकाळीच मला दोनदा हात धुवायला लावले तिनं."

ताईंनी त्याला आत बोलावून खुर्चीवर बसवलं आणि आधी टॅक्स ऑफिसला फोन लावला. आत बोलावणं म्हणजे काहीतरी गंभीर, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ऐका. आई तुमच्या आधारानं राहते, म्हणून टॅक्स ऑफिस तुम्हाला सूट देतं. ती सूट या महिन्यात त्यांनी काढून घेतलीये. आमच्या कॉम्प्युटरवर नुसता आकडा येतो, कारण येत नाही. मी आत्ताच फोन केला तिकडे. म्हणतात, अर्ज करा, तीन आठवड्यांत कळवू."

"तीन आठवडे? मला आज संध्याकाळी स्लिप दाखवायचीये!"

"म्हणून आपणच शोधायचं. सूट जायला तीनच कारणं असतात. एक, ते माणूस राहिलं नाही."

ड्रायव्हर खुर्चीतून उठलाच. "म्हणजे कागदावर आईला मारली कुणी?"

"बसा. दुसरं, आईला दुसऱ्या मुलानं आपल्या नावावर दाखवलं. आई दोन मुलांच्या स्लिपवर असू शकत नाही. आणि तिसरं, आईला स्वतःचा पगार सुरू झाला."

तिसऱ्या कारणावर तो एवढ्या दुःखातही हसला. "ताई, तिला तीन जिने उतरायचे म्हणजे दिव्य. ती कुठली पगार आणते!" मग त्याचं हसू मावळलं. "धाकटा. त्यानंच केलं हे."

भाऊ एकच. वडील गेल्यावर आई कुणाकडे राहणार यावरून दोघांचं वाजलं होतं, आणि तेव्हापासून बोलणं बंद. कुणाचं चुकलं ते आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

"दिवसा आईजवळ कोण असतं?" ताईंनी विचारलं.

"एकटीच. खालच्या काकू सकाळी पाळणाघरात कामाला जाताना हाक मारतात, येताना डोकावतात. टपाल वगैरे त्याच वर आणून देतात." तो थोडा घुटमळला. "खरं सांगू, ताई? मला अलीकडे तिची काळजीच वाटते. विचित्र वागते. जेवायला बसलो की म्हणते, हात दाखव. दाखवल्याशिवाय वाढत नाही. घसा कायम बसलेला, म्हणजे दिवसभर एकटीच बोलत असणार. पूर्वी रात्री मालिका संपल्याशिवाय हलायची नाही, आता जेवली की आडवी. आणि कानातलं! वडिलांनी घेतलेलं, जन्मात कधी काढलं नव्हतं. गेल्या महिन्यापासून कान मोकळे. विचारलं तर म्हणते, टोचतं." तो पुढे झुकला. "तिचं डोकं तर फिरत नसेल ना?"

ताईंनी टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "विचारा आईलाच. पत्र आलं होतं का टॅक्स ऑफिसचं."

त्यानं आईच्या मोबाइलवर फोन लावला. बराच वेळ घंटा वाजत राहिली. दुपारची वेळ, कारखान्यातसुद्धा मशीन थांबलेली. मग कुणीतरी फोन उचलला, आणि आईचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत.

"नंतर कर रे बाळा. सगळे झोपलेत."

आणि फोन बंद झाला.

ड्रायव्हर हातातल्या फोनकडे बघत बसला. घरात तर ती एकटीच असते. मग झोपलेले सगळे कोण?

३

चादरींच्या गाडीत ताई पहिल्यांदाच बसत होत्या. मालकांना त्यांनी "हिशोबाची भानगड आहे, निस्तरून येते" एवढंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

धाकटा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. मोठ्या भावाला दारात बघून त्याच्या हातातलं भिंग खाली पडता पडता राहिलं. ड्रायव्हरनं नमस्कार चमत्कार काही केला नाही.

"आईला तुझ्या स्लिपवर दाखवलंस ना?"

"काय?"

"सरळ सांग. आठशे चाळीससाठी केलंस ना?"

धाकट्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. त्यानं ड्रॉवर उघडून आपली स्लिप काढली आणि भावाकडे न देता ताईंच्या पुढे ठेवली. ताईंनी ती वाचली. टॅक्स पुरा, सूट कुठेच नाही.

"माझ्या कागदावर आई नाही," धाकटा म्हणाला. "असती तर बरं वाटलं असतं."

ड्रायव्हर आपल्या बोटांशी चाळा करत राहिला. ताईंना त्या धिप्पाड ड्रायव्हरचा राग यावा की कीव, ते ठरवता येईना. शेवटी त्यांनीच विचारलं, "आईची तुमची भेट कधी झाली होती?"

"गेल्या महिन्यात दोनदा. चष्मा घेऊन आली होती."

"कुठे आली होती?" ड्रायव्हर ओरडला.

"इथे. दुकानात. त्या खालच्या काकूंचा हात धरून."

"ती जिना उतरत नाही!"

"मग उडत आली असेल," धाकटा म्हणाला. एवढ्या वर्षांनी भावाला टोला हाणायला मिळाल्याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसलं. मग तो ताईंकडे वळला. "पण चष्म्याचं मला नवल वाटलं होतं. माणूस चष्म्यावर बसला की तो मधून वाकतो. पडला की काच जाते. आईचा चष्मा दोन्ही वेळा एकाच बाजूनं पिळलेला होता. कुणीतरी काडी धरून डोळ्यांवरून खेचून काढावा तसा. विचारलं, तर हसली नुसती."

ताईंनी मान वर केली. "हसल्या?"

"हो. गालात."

ड्रायव्हर मात्र दाराकडे निघालाही होता. "कुणीतरी मारतंय तिला," तो म्हणाला. "चष्मा ओढतंय, कानातलं काढून घेतंय. ती काकू रोज काय म्हणून हाक मारते? चल."

धाकट्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं. "मीही येतो," तो म्हणाला, आणि विचारायची वाट न बघता चादरींच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसला.

४

तिसऱ्या मजल्यावर दाराला बाहेरून कुलूप होतं.

ड्रायव्हरनं आपल्या किल्लीनं ते उघडलं. घरात कुणी नव्हतं. पलंगावर चादर ताणून घातलेली, ओट्यावर भांडी पालथी घातलेली. सगळं जागच्या जागी होतं आणि आईच तेवढी नव्हती. धाकट्यानं आत जाऊन न्हाणीघरसुद्धा बघितलं.

ताई मात्र शांतपणे बघत होत्या. आरशासमोर एक छोटी डबी होती. त्यांनी ती उघडली. आत कापसावर कानातलं होतं, नीट पुसून ठेवलेलं. शेजारी नेलकटर. दोरीवर आईचे कपडे वाळत होते आणि त्यांच्यामध्ये एक मोजा, ताईंच्या अंगठ्यावर कसाबसा बसला असता एवढा.

"हा कुणाचा?"

"वरून कुणाचा तरी पडला असेल," ड्रायव्हर म्हणाला. त्याचं लक्षच नव्हतं. "पोलिसांत जायला हवं. ताई, चला."

"वरती मजलाच नाही, ड्रायव्हरसाहेब," ताई म्हणाल्या, आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसल्या. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलायला लागले. ड्रायव्हरनं ते रूप खिडकीशी किती वेळा पाहिलं होतं, पण आज त्याला ते बघवेना. दोघे भाऊ खालच्या पायरीवर त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"कानातलं गेलं असतं, तर चोर शोधला असता," ताई डोळे न उघडता म्हणाल्या. "पण ते डबीत आहे, कापसावर. म्हणजे त्यांनी स्वतः काढून ठेवलं, कुणी ओढू नये म्हणून. चष्मा ओढला जातो, आणि त्याचं त्यांना हसू येतं. नखं कापून ठेवतात, कुणाला लागू नयेत म्हणून. घसा बसतो. संध्याकाळी दमून झोप येते. घरी आल्यावरही तोंडातून सवयीनं निघून जातं, हात दाखव." त्यांनी डोळे उघडले. "आणि भर दुपारी 'सगळे झोपलेत'. सांगा बघू, दुपारी एकदम सगळे झोपतात असं ठिकाण कुठलं?"

"हॉस्पिटल?" ड्रायव्हर म्हणाला.

"तिथे चष्मे कोण ओढतं?"

धाकट्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं उघड्या दारातून दोरीवरच्या मोज्याकडे बघितलं आणि तो हसायलाच लागला.

"मी तुम्हाला तीन कारणं सांगितली होती," ताई ड्रायव्हरला म्हणाल्या. "तुमची आई कागदावर मेलेली नाही. धाकट्याच्या स्लिपवरही नाही. मग उरलं काय?"

ड्रायव्हरही मान वळवून मोज्याकडे बघायला लागला.

"खालच्या काकू सकाळी कुठे जातात म्हणालात?"

५

पाळणाघर त्याच गल्लीच्या टोकाला होतं. दारात इवल्या इवल्या बुटांची रांग आणि तिच्या शेवटी आईच्या चपला. ड्रायव्हरनं त्या ओळखल्या आणि तो दाराशीच थबकला.

आत पडदे ओढलेले होते. जमिनीवर गाद्या आणि गाद्यांवर दहाबारा पोरं वेडीवाकडी झोपलेली. मधोमध एका बुटक्या खुर्चीवर आई बसली होती. एक पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं आणि दुसऱ्यानं झोपेतसुद्धा तिची करंगळी धरून ठेवली होती. खालच्या काकू लगबगीनं पुढे आल्या, आणि दोन्ही मुलगे बघून त्यांनी जीभ चावली.

आईनं वर पाहिलं. पकडली गेल्याचा भाव तोंडावर क्षणभरच आला. मग तिनं मोकळ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

त्यामुळे जे काही भांडण व्हायचं होतं ते कुजबुजत झालं.

"आई, हे काय?" ड्रायव्हर गादीच्या कडेला गुडघ्यांवर बसला.

"हळू. आत्ताच झोपलंय, दात येतायत त्याला."

"तू नोकरी करतेस?"

"दोन महिने झाले. चांगला पगार देतात." तिनं धाकट्याकडे बघितलं, आणि दोघं एकत्र आल्याचं तिच्या लक्षात आलं. तिचे डोळे भरले, पण ती थोरल्याशीच बोलत राहिली. "टॅक्सवाल्यांचं पत्र आलं होतं, ते मीच उशीखाली ठेवलं. त्यात काय लिहिलंय ते मला कळलं नाही. तुला दाखवलं असतं तर तू काम सोडायला लावलं असतंस."

"अगं पण कशाला? तुझे गुडघे! मी काय मेलोय का?"

आई बराच वेळ खांद्यावरच्या पोराची पाठ थोपटत राहिली.

"पगार झाला की तू टेबलाशी हिशोब करतोस ना," ती म्हणाली, "मी आतल्या खोलीत ऐकते. टॅक्स वजा, पेन्शन वजा, विमा वजा, आई वजा. आणि मग शेवटी म्हणतोस, हातात काही राहत नाही."

ड्रायव्हर तिच्या खुर्चीजवळ सरकला.

"औषधं म्हणायचं होतं मला," तो कसाबसा म्हणाला. "आई, शप्पथ. औषधं."

"माहीत आहे रे. तुझ्या मनात काही नाही, हे का मला कळत नाही? पण आतून तेवढंच ऐकू येतं. वाटलं, बाकीचं तर आपल्या हातात नाही. त्यातलं एक वजा तरी कमी करावं."

तो धिप्पाड माणूस तिथे गाद्यांमध्ये डोकं खाली घालून बसला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. धाकट्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ताईंना वाटलं, आपण इथून निघावं. पण त्यांच्या पर्समध्ये ड्रायव्हरच्या दोन स्लिपा होत्या, गेल्या महिन्याची आणि या महिन्याची, आणि त्या दाखवल्याशिवाय त्यांना राहवेना. त्या आईच्या शेजारी खाली बसल्या.

"मावशी, मी यांच्या कारखान्यात पगार काढते. हा बघा गेल्या महिन्याचा. तुम्ही यांच्याकडे राहता म्हणून सरकार यांचा टॅक्स आठशे चाळीसनी कमी घ्यायचं. तुम्ही होतात, म्हणून यांना जास्त मिळत होते."

आईनं स्लिप डोळ्यांजवळ नेली. चष्म्याची एक काडी अजून थोडी वाकडीच होती.

"म्हणजे मी वजा नव्हते?"

"अहो, या अख्ख्या कागदावर पगारात भर घालणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. बाकी सगळे ओरबाडणारे."

आईनं ती ओळ बोटानं दोनदा चाचपली. मग तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू बदललं. "आणि मी कामाला लागले म्हणून ते थांबलं? म्हणजे... त्याचं घर माझ्यामुळे गेलं?"

"घराचं तुला कुणी सांगितलं?" ड्रायव्हरनं डोळे पुसले.

"खालच्या मजल्याचं? तू झोपेतसुद्धा बोलतोस त्याच्याबद्दल. खिडकीबाहेर बाक आहे म्हणे."

ताईंनी हात वर केला. "थांबा. घरमालक काय म्हणाला होता? नेमके शब्द सांगा."

"घरात दर महिन्याला हातात येणारी रक्कम तिप्पट हवी."

"घरात म्हणाला. तुमच्या हातात नव्हे." ताई आईकडे वळल्या. "मावशी, रोज किती वेळ असता इथे? सुट्टी कधी? ताशी काय देतात?"

आईनं सांगितलं. ताईंनी डोळे मिटले, ओठ हलवले. खांद्यावरचं पोर झोपेत कण्हलं आणि पुन्हा शांत झालं.

"टॅक्स तुम्हाला लागणारच नाही, पगार तेवढा नाहीये. पेन्शनचे पैसे थोडे जातील. हातात सहा हजाराच्या आसपास," ताई म्हणाल्या. "तेवीस हजार सातशे साठ आणि सहा हजार. घरमालकाला तिप्पट होऊन वर हजारो उरतात. आईची स्लिप आहे ना, काकू?"

काकूंनी ड्रॉवरमधून स्लिप काढून दिली. हातात सहा हजार चाळीस आले होते.

"चहा कुणाचा?" ताई कुजबुजल्या.

"पण ती आता काम करणार नाही," ड्रायव्हर म्हणाला. "तीन जिने रोज! मी ऐकणार नाही."

"तळमजल्यावर जिना कुठला आलाय?" आई म्हणाली. मग खांद्यावरच्या पोराकडे बघून ती जरा थांबली. "दुखतं रे उतरताना. खोटं नाही बोलत. पण खाली कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की उतरवतं. वर कोण होतं माझी वाट बघायला? तू संध्याकाळी येणार, आणि हिशोब करत बसणार."

ड्रायव्हरनं आईची चप्पल दारातून उचलून आणली आणि तिच्या पायांशी ठेवली. मग, सुटायला अजून वेळ आहे हे लक्षात आल्यावर, पुन्हा रांगेत नेऊन ठेवली.

संध्याकाळी घरमालकानं दोन्ही स्लिपा उजेडात धरून वाचल्या, मनाशी बेरीज केली आणि किल्ली दिली. धाकटा बरोबर होता. सामान हलवायला रविवारी येतो म्हणाला, कुणी न विचारता.

परत येताना गाडीत ड्रायव्हरनं किल्ली खिशात चाचपली. मग म्हणाला, "सगळं झकास झालं, ताई. तेवढे आठशे चाळीस मात्र दर महिन्याला गेले ते गेलेच."

ताई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या.

"माझेही जातात," त्या म्हणाल्या. "वडील गेले तेव्हापासून. सगळ्यांचे पगार मी काढते, तेव्हा माझ्या स्लिपवरची ती सूट गेली तीही मीच टाइप केली. दर महिन्याला ती रिकामी जागा दिसते. ते परत येणार असते ना, तर मी अख्खा पगार दिला असता." त्यांनी पदराला हात लावला नाही, रुमाल शोधला नाही. "तुमची सूट आई कामाला गेली म्हणून गेलीये, ड्रायव्हरसाहेब. एवढी सुखाची कपात मी आजवर कुणाची केलेली नाही."

ड्रायव्हरनं मान हलवली. ताईंच्या घराच्या दाराशी गाडी थांबवून तो खाली उतरला, आणि त्या आत जाईपर्यंत गाडीशी उभा राहिला. तसं त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं.

६

पुढच्या महिन्यात, पगाराच्या आदल्या दिवशी, खिडकीशी ड्रायव्हर आला तेव्हा त्याच्याबरोबर आई होती. पाळणाघराला सुट्टी होती, म्हणून कानातलंही होतं.

"मावशी, तुम्ही? या ना आत."

"आत नको, इथेच बरी. मला बाई तुझ्याकडून अंदाज हवाय. पाळणाघराच्या कॉम्प्युटरवर माझा विश्वास नाही." आईनं आपले तास सांगितले, ताईंनी डोळे मिटले आणि आकडा सांगितला. आई भडकली. "त्यातून पुन्हा कापणार? आणि का म्हणून?"

"पेन्शनचे, मावशी. म्हातारपणासाठी."

"म्हातारपणासाठी?" आईनं ड्रायव्हरकडे बघितलं. "हे आणि कधी यायचंय माझं?"

मागे रांगेत हशा पिकला. ड्रायव्हर लाजून म्हणाला, "आई, चल आता, लोक थांबलेत."

"थांब. हिशोब पुरा होऊ दे." आईनं खिडकीच्या कडेवर बोटं ठेवली आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा, पाढा सुरू केला. "पेन्शन वजा. औषधं वजा, माझी मी घेते आता. बसायच्या बाकाला गादी, ती वजा. भाड्यातला माझा वाटा..." ती क्षणभर थांबली, मुलाकडे तिरकं बघितलं. "पोरगा वजा."

ड्रायव्हरचा चेहरा खर्रकन उतरला. आपण वर्षानुवर्षं काय म्हणत होतो, ते त्यानं पहिल्यांदाच बाहेरून ऐकलं.

आईनं हात वर करून त्याचा गाल ओढला, पाळणाघरातल्या पोरांचा ओढतात तसा.

"गंमत केली रे," ती म्हणाली. "हात दाखव बघू."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. आईनं ते उलटेसुलटे करून पाहिले, आणि त्यातला एक धरून ती त्याच्याबरोबर हळूहळू गाडीकडे निघाली. कपातताईंनी चष्मा काढून पुसला, वाफ फार झाली होती म्हणून, आणि पुढच्या माणसाला म्हणाल्या, "हं, तुमचे तास सांगा."